स्वभावाचा रकाना

उज्जैनच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. अक्षर वळणदार, शाई निळी, आणि मजकूर असा की तो वाचता वाचता आमचा चहा निवून गेला. भगिनी लिहितात : "आमचा नातू तेरा वर्षांचा आहे. शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि गच्चीवर जाऊन बसतो. बोलावले तर येतो, विचारले तर उत्तर देतो, पण आपण होऊन बोलत नाही. सूनबाई म्हणते, तो मूडी आहे. आमचे यजमान म्हणतात, घुमा आहे. परवा धाकट्या जाऊबाईंनी चारचौघांत 'एकलकोंडा' म्हटले आणि सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले. मास्तर, मूडी या शब्दाला मराठीत बरासा शब्द कोणता, तेवढे कळवा; म्हणजे घरातला वाद मिटेल."

शब्द सापडल्याने घरातले वाद मिटतात, असा आमचा अनुभव नाही. पुष्कळदा ते शब्दापासूनच सुरू होतात. तथापि भगिनींनी विचारलेला प्रश्न आमच्या या सदराच्या अगदी अंगणातला आहे, आणि त्यात आमचे स्वतःचेही एक जुने देणे गुंतलेले आहे. त्याविषयी पुढे येईलच.

प्रथम त्या घरात उच्चारले गेलेले तीन शब्द पाहू. 'घुमा' म्हणजे नुसता न बोलणारा नव्हे. ज्याच्या पोटात काही आहे आणि जो ते ओठांवर येऊ देत नाही, तो घुमा. या शब्दात संशय आहे. आजोबांनी तो सहज वापरला असेल, पण नातवावर त्यांनी नकळत आरोप ठेवला आहे. 'एकलकोंडा' हा शब्द चारचौघांची तक्रार आहे. आमच्यात का येत नाहीस, असे तो विचारतो. त्याच्या पुढची पायरी 'माणूसघाणा', आणि तेथवर गेलेला शब्द परत फिरत नाही. याउलट 'अबोल' हा शब्द पाहा. तो फक्त जे दिसते तेवढे सांगतो. बोलत नाही, एवढीच नोंद. का बोलत नाही, याचा निवाडा त्यात नाही. आणि हाच न बोलणारा मनुष्य जर न्यायाधीश किंवा जिल्हाधिकारी असेल, तर आम्ही त्याला 'मितभाषी' म्हणतो! गरीब नातेवाईक घुमा, आणि श्रीमंत व्याही मितभाषी. भाषा निष्पाप असते असे मानणाऱ्यांनी लग्नघरात तासभर बसून पाहावे.

आता 'मूडी'. हा शब्द आमच्या घरांत इतका रुळला आहे की त्याला परका म्हणण्यात अर्थ नाही. शब्दकोशाच्या वाटेने गेल्यास 'लहरी' हा शब्द समोर येतो. लहर म्हणजे लाट. वर येते, खाली जाते, तशी ज्याची मर्जी तो लहरी. पण मराठीत लहरीपणाला एक हुकमी ऐट चिकटलेली आहे. राजा लहरी असतो, साहेब लहरी असतो, गवई तर असायचाच. ज्याच्या मर्जीवर दुसऱ्याचे काही अवलंबून आहे तोच लहरी शोभतो. तेरा वर्षांच्या मुलाच्या मर्जीवर कुणाचे काय अडले आहे? 'छांदिष्ट' म्हणावे तर त्याला काही छंद दिसला पाहिजे. 'तऱ्हेवाईक' म्हणावे तर तऱ्हा दिसली पाहिजे. सूनबाईंनी 'मूडी' हा शब्द उचलला, त्याचे कारण आम्हांस असे दिसते की त्या शब्दात दोष कुणाचाच नाही. आज आहे, उद्या नसेल. आईला आपल्या लेकराविषयी असाच शब्द हवा असतो. मराठीत तो तिला चटकन सापडला नाही, म्हणून तिने शेजारून उसना आणला. यात रागावण्यासारखे काही नाही.

आमच्यासारख्या, पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदलेल्या मंडळींची अडचण मात्र निराळीच आहे. आमच्या घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी. आणि दोहोंत शब्द तेच, अर्थ भलतेच. शिक्षा आणि चेष्टा यांचे विनोद सर्वांना पाठ आहेत, ते येथे नकोत. पण मनाच्या शब्दांतील घोटाळे त्याहून खोल आहेत. 'संताप' पाहा. मराठीत संतापलेला मनुष्य भांडी आपटतो. हिंदीत संताप हे दुःख आहे, आतल्या आत तापत राहणे आहे. संस्कृतात मूळ अर्थ तापणे, मग ते उन्हाने असो वा दुःखाने. आम्ही त्यातला राग घेतला, हिंदीने शोक ठेवला. 'राग' या शब्दाची तर त्याहून गंमत : मूळचा रंग आणि अनुराग, आणि आमच्याकडे त्याचा क्रोध झाला. 'मिजास' घ्या. अरबीत 'मिजाज' म्हणजे मिश्रण. शरीरातील चार रसांचे ज्याचे त्याचे जे मिश्रण, तो त्याचा मिजाज, अशी युनानी वैद्यकाची कल्पना. हैदराबादेकडील आमच्या वाचकांना कुणी 'मिजाज कैसे हैं' म्हणून विचारले तर ती अदब असते. आणि त्यांच्याच घरी आजी 'काय मिजास ही!' म्हणाली तर ती फटकार असते. 'दिलगीर' हा फारसी शब्द एकेकाळी मराठीत खरोखरच दुःखी माणसाला लावीत. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, हा अर्थ सापडतो. आता मात्र दिलगिरी फक्त 'व्यक्त' करावयाची उरली आहे, तीही बहुधा उशिरा आलेल्या गाडीविषयी. कन्नडात 'बेजारु' म्हणजे कंटाळा येणे, मन उदास होणे; बेळगावकडील मराठी घरात 'बेजार' शब्दावर त्याची सावली पडली तर नवल नाही, पण पुण्यातला मनुष्य बेजार होतो तो छळाने.

हे सारे गमतीचे वाटेल. आम्हांलाही वाटत असे. एका शब्दाने आमची ती गंमत कायमची उतरविली.

१९९५ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही नोकरीत नवे होतो, आणि मराठीत एम. ए. केल्याचा अभिमान अजून ताजा होता. ज्या शाळेत होतो तेथे आठवीनंतर मुलांना दुसऱ्या शाळेत जावे लागे. जाताना मुलाबरोबर एक माहितीपत्रक द्यावयाचे असे. त्यात उंची, वजन, उपस्थिती, गुण यांच्याखाली एक रकाना होता : 'छात्र का स्वभाव'. रकाना दोन बोटे लांब. त्यात तीन वर्षे पाहिलेल्या मुलाला बसवावयाचे.

आमच्या वर्गात एक मराठी मुलगा होता. वर्गात येताच बसण्याआधी तो खिडकीचे गज मोजी. गणिते बरोबर करी, पण पुस्तकातल्या रीतीने कधीच नाही. मधल्या सुट्टीत मैदानावर न जाता खडूचे तुकडे लांबीप्रमाणे लावून ठेवी. कुणाला त्रास नाही, कुणाशी भांडण नाही. अशा मुलाला मराठीत आपण काय म्हणतो? 'जरा विक्षिप्त आहे, पण हुशार आहे.' कौतुकानेच म्हणतो. आम्हीही कौतुकानेच लिहिले, फक्त हिंदीत लिहिले : 'स्वभाव कुछ विक्षिप्त, परंतु बुद्धि तीव्र.' आणि खाली सही केली.

पंधरा दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. कापडगिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडल्याला तीन-चार वर्षे झाली होती. इंदूरच्या गिरण्या त्या दशकात एकामागून एक कशा थंड झाल्या, हे येथील वाचकांना सांगावयास नको. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो कागद काढला, टेबलावर ठेवला, आणि त्या शब्दावर बोट ठेवून विचारले, "मास्तर, माझा मुलगा वेडा आहे का?"

हिंदीत 'विक्षिप्त' म्हणजे तऱ्हेवाईक नव्हे. हिंदीत विक्षिप्त म्हणजे ज्याचे डोके ठिकाणावर नाही तो. आमच्या प्रांतातील वर्तमानपत्रे रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाविषयी आजही 'अर्धविक्षिप्त' असा शब्द छापतात. हे आम्ही रोज वाचत होतो. हिंदी शाळेत रोज हिंदी शिकवीत होतो. तरीही लिहिताना आमची लेखणी घरातल्या अर्थाने चालली. पुढच्या शाळेने त्या मुलाला प्रवेश देण्याआधी डॉक्टरचा दाखला मागितला होता. आम्ही त्याच दिवशी खुलाशाचे पत्र लिहिले, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आलो. तोवर तेथील जागा भरल्या होत्या. मुलाला लांबच्या शाळेत जावे लागले.

ते पत्र लिहीत असता वडील समोर बसून होते. आम्ही काहीतरी बोलावे म्हणून विचारले, "घरी तो बोलतो का?" ते म्हणाले, "मीच बोलत नाही, तर तो कुठून बोलणार? गिरणी सुटल्यापासून मला करमत नाही, मास्तर." दोन वर्षांनी ते कुटुंब इंदूर सोडून गेले. पुढचे आम्हांस ठाऊक नाही.

त्या दिवसापासून 'विक्षिप्त' शब्दाचा आम्ही सूड घ्यावा तसा शोध घेतला. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ विखुरलेला, इकडेतिकडे फेकला गेलेला. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. म्हणजे विक्षिप्त चित्त हे मधल्या पायरीवरचे, मधून मधून स्थिर होणारे आणि पुन्हा ढळणारे. खरे पाहता ही तुमची-आमची, बहुतेक सर्वांची नित्याची अवस्था होय! त्याच शब्दाला मराठीने विनोदी टोपी घातली आणि हिंदीने रुग्णालयात पाठविले. ज्याने योगसूत्रे वाचली असतील त्याने आमच्या त्या शेऱ्याचा कदाचित योग्य अर्थ लावला असता. पण शाळांचे प्रवेश योगसूत्रांवर होत नसतात.

आता त्या गिरणीकामगाराचे वाक्य पुन्हा ऐकावे, अशी वाचकांस विनंती आहे. 'मला करमत नाही.' तो 'मी खिन्न आहे' म्हणाला नाही. 'मी विषण्ण आहे' असे तर मराठीत कादंबरीबाहेर कुणी म्हणतच नाही. करमणे हे मोठे विलक्षण क्रियापद आहे. त्याला कर्ता नाही. ते 'मला' होते किंवा होत नाही. हिंदीत 'मन नहीं लगता' म्हणतात, ते जवळचे आहे, पण तेथे निदान मन तरी कर्ता म्हणून उभे असते. करमण्यात तेही नाही. या क्रियापदापासूनच 'करमणूक' हा शब्द झाला, आणि हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाला तेच नाव दिले. पण ज्याला करमत नाही त्याला करमणूक नको असते, हे लक्षात घेतले पाहिजे. सासरी गेलेली मुलगी, बदली झालेला कारकून, बायको वारल्यावर मुलाकडे येऊन राहिलेले आजोबा यांचे हे वाक्य आहे. त्यात तक्रार कुणाविरुद्धही नाही.

आणि मराठीत बहुतेक सारी दुःखे अशीच 'मला' होतात. मला वाईट वाटते. मला उदास वाटते. मला हुरहूर लागते. जणू बाहेरून पाऊस यावा तशी ती येतात, आणि आला पाऊस जातोही. पण दुसऱ्याविषयी बोलू लागलो की हे 'वाटते' आम्ही 'आहे' करून टाकतो. 'त्याला उदास वाटते' याचे 'तो उदास आहे' होते, आणि मग 'तो उदास स्वभावाचा आहे'. माहितीपत्रकातला तो दोन बोटांचा रकाना नेमके हेच मागतो. आलेल्या पावसाची नोंद तो हवामान म्हणून करून घेतो.

आमच्या आईपाशी मात्र 'आहे'ची भाषा फारच थोडी होती. तिचे शिक्षण चौथीपर्यंत. पण आम्हां भावंडांपैकी कुणाचे काय बिनसले आहे, यासाठी तिच्यापाशी इतके शब्द होते की आजच्या मानसतज्ज्ञाने वही काढावी. खेळात घेतले नाही म्हणून आलेला 'हिरमुसला'. मागितलेले मिळाले नाही म्हणून 'खट्टू'. मिळाले, पण बहिणीला आधी मिळाले, म्हणून 'फुरंगटला'. आणि प्रत्येक शब्दाबरोबर उपाय ठरलेला. हिरमुसल्याला जवळ घ्यावयाचे, खट्टू झालेल्याच्या हातावर गुळाचा खडा, फुरंगटलेल्याकडे पाहावयाचेच नाही, आपोआप येतो. 'कुढतो आहे' असे ती म्हणाली की मात्र तिचा आवाज बदले. कुढणे म्हणजे न सांगितलेल्या अन्यायावर आतल्या आत जळणे. अशा वेळी ती त्या मुलाला एकट्याला पाणी भरायला बरोबर नेई. झुरणे आणखी वेगळे. झुरण्याला कुणीतरी लागते, गेलेले किंवा न येणारे. आणि 'खंगत चालला' हा शब्द आला की तो मनाचा उरत नसे, शरीराचा होई, मग वैद्य.

हिंडत्या-फिरत्या माणसाच्या दुःखाचे मराठीत आणखी एक कुळ आहे, जोडशब्दांचे. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, हळहळ, तगमग, तळमळ. कान देऊन ऐकावे. आवाज दोनदा येतो, कारण ते मनात पुन्हा पुन्हा येते. पण यांतील एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पाहुण्याला जेवल्यावाचून जाऊ दिले, तर चुटपुट. मरणाऱ्या मित्राला भेटावयास जाणे राहून गेले, तर रुखरुख. ती वर्षानुवर्षे पुरते. शेजाऱ्याचा तरुण मुलगा गेला, तर हळहळ. आणि हुरहुरीला तर कारणच लागत नाही. दिवेलागणीला उंबऱ्याशी उभे राहिले तरी लागते. त्या गिरणीकामगाराच्या मुलाविषयी आम्हांस जे वाटते ते रुखरुख या शब्दात बसते, दुसऱ्या कोणत्याही नाही.

संस्कृत शब्दांचा संसार याहून थंड, पण खोल आहे. 'उदास' शब्द पाहा. उद् आणि आस्, म्हणजे वर किंवा बाजूला बसणे. कौटिल्याच्या राजमंडलात 'उदासीन' हा कुणाच्याही बाजूचा नसलेला, समर्थ राजा आहे. तो दुःखी मुळीच नाही. आमच्या संतांनीही हा शब्द अलिप्त या अर्थी वापरला. उत्तम व्यवहाराने धन जोडावे आणि ते उदास विचाराने खर्च करावे, असे तुकोबा सांगतात, तेव्हा ते रडत रडत पैसे द्या असे सांगत नसतात! बाजूला बसणारा तो दुःखीच असणार, हा अर्थ पुढे आला. समाजाला बाजूला बसणे सोसत नाही, हे त्याचे कारण असावे, असा आमचा आपला तर्क आहे.

याहून आम्हांस आवडते ते 'विषण्ण' आणि 'प्रसन्न' यांचे नाते. दोन्ही शब्द एकाच 'सद्' धातूचे. सद् म्हणजे बसणे, खाली बसणे. खचून खाली बसलेले मन ते विषण्ण. त्याचे नाव विषाद, ज्या नावाने गीतेचा पहिला अध्याय ओळखला जातो. आणि प्रसन्न? तो शब्द निवळलेल्या पाण्यालाही लावीत. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला, पाणी स्वच्छ झाले, ते प्रसन्न. म्हणजे दोन्हीकडे काहीतरी खाली बसतेच. एकीकडे मन, एकीकडे गाळ. हिंदीत हल्ली डॉक्टर ज्याला 'अवसाद' म्हणतात, आणि मराठी वर्तमानपत्रे ज्याला 'नैराश्य' म्हणतात, त्यांतील अवसादही याच कुळातला, अव आणि सद्. आम्हांस हा शब्द नैराश्यापेक्षा अधिक खरा वाटतो. नैराश्यात आशा नाही एवढेच कळते. अवसादात माणूस खाली खचत असलेला दिसतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण शब्दांच्या नादात ती राहून जाऊ नये. अवसाद हा आजार आहे, स्वभाव नव्हे. दोन आठवडे आणि त्याहून अधिक काळ मन उतरलेलेच राहिले, झोप-भूक गेली, पूर्वी आवडणारे काही आवडेनासे झाले, तर तेथे आमच्यासारख्या भाषेच्या मास्तरचे काम नाही, डॉक्टरचे आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आमच्या शाळेच्या फलकावर आम्ही लावून ठेवला आहे. त्याखाली एका मुलीने पेन्सिलीने 'धन्यवाद सर' असे लिहिलेले परवा आढळले. आम्ही ते पुसू दिले नाही.

परंतु प्रत्येक अबोल मूल आजारी नसते, हेही तितकेच खरे. काही माणसे मुळातच विचारात गढलेली असतात, आणि त्यांना हसण्यासाठी मराठीने शब्दांची कोठारे भरून ठेवली आहेत : सुतकी, रडतराऊ, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. 'चिंतातुर जंतू' ही गोविंदाग्रजांच्या कवितेची देणगी तर घरोघर पोचली आहे. ही सारी थट्टा चेहऱ्याची आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल. पाहणाऱ्याला तोंड तेवढे दिसते. ज्याचे त्याचे शब्द मात्र मनाचे असतात : मन खाते, मन विटते, जीव रमत नाही.

केशवसुतांची 'दुर्मुखलेला' ही कविता या दृष्टीने प्रत्येक शिक्षकाने वर्षातून एकदा वाचावी. ती गुरूला उद्देशून आहे. माझे मुख शुष्क आहे खरे, पाहणाऱ्याचा विरस होतो हेही मी जाणतो, असे तो विद्यार्थी प्रथम निमूट कबूल करतो. आणि मग याच मुखातून पुढे जे येणार आहे त्याविषयीचा आपला विश्वास गुरूपुढे ठेवतो. त्या गुरूंचे नाव आज कुणाच्या जिभेवर नाही. केशवसुत पुढे स्वतः शिक्षकच झाले. खानदेशात फैजपूरला मुख्याध्यापक होते, शेवटची नोकरी धारवाडला, आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने ते गेले, वयाच्या चाळिशीच्या आत. आपल्या वर्गातील दुर्मुखलेल्या मुलांविषयी त्यांनी कोणते शेरे लिहिले असतील, हे पाहावयास मिळते तर आम्ही पायी धारवाड गाठले असते.

आमच्या माळव्याशी नाते असलेले दुसरे उदाहरण मुक्तिबोध बंधूंचे. थोरले गजानन माधव (१९१७–१९६४) जन्मले श्योपूरला, घरची भाषा मराठी, आणि लिहिले हिंदीत. धाकटे शरच्चंद्र (१९२१–१९८४) मराठीत कवी झाले. थोरल्यांनी शुजालपूर, उज्जैन येथे मास्तरकी केली. त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला तो त्यांच्या निधनाच्या वर्षी. एका घरात वाढलेल्या दोन भावांनी मनातला काळोख दोन भाषांत मांडला. त्यांच्या मातोश्री त्यांना लहानपणी काय म्हणत असतील, घुमे की विचारी? आणि 'विचारी' म्हणाल्या असतील, तर शेजारच्या हिंदी बाईंनी ते 'बेचारे' ऐकले नसेल ना, अशी एक शंका आमच्या मनात उगीचच येऊन जाते.

तेव्हा उज्जैनच्या भगिनींना आमचे उत्तर असे. मूडी या शब्दाला प्रतिशब्द शोधू नये. सूनबाई म्हणते आहे तर म्हणू द्यावे. यजमानांना सांगावे की घुमा हा शब्द मोठ्यांसाठी राखून ठेवावा. जाऊबाईंना काय सांगावे, ते आपण आमच्यापेक्षा अधिक जाणता. नातवाला शब्द लावावयाचाच झाला तर 'अबोल' लावावा, तोही तात्पुरता. आपल्या पत्रात एक गोष्ट मात्र राहून गेली आहे : तो गच्चीवर जाऊन करतो काय? आकाश पाहतो, पतंग पाहतो, रडतो, की नुसता आपल्या नादात असतो? एखाद्या संध्याकाळी वाळवणाचे निमित्त काढून आपण वर जावे, काही विचारू नये, आणि काय दिसले ते आम्हांस लिहावे. झोप-भूक कशी आहे तेही लिहावे.

आमच्या शाळेत आता माहितीपत्रके संगणकावर भरावी लागतात, पण रकाना तेवढाच आहे. या वर्षी एका मुलाच्या नावापुढे आम्ही हिंदीत भरले ते असे : कमी बोलतो, विचारले तर नीट सांगतो, कुंड्यांना पाणी घालणे याला आवडते. संगणकाने शेवटची चार अक्षरे घेतली नाहीत. ती आम्ही छापील प्रतीवर हाताने लिहिली.

पुढील अंकी 'रुसणे' या शब्दाविषयी लिहावयाचा मानस आहे. आपापल्या घरी रुसलेल्या माणसासाठी जे खास शब्द चालत असतील, विशेषतः बडोदे, ग्वाल्हेर आणि गोव्याकडील, ते वाचकांनी संपादकांच्या पत्त्यावर अवश्य पाठवावेत. शब्दाबरोबर आपल्या आईचा त्यावरील उपायही कळवावा.